वनस्पती आरोग्याच्या करारावर एखादा देश ‘रिझर्वेशन’ नोंदवू शकतो का?

प्रश्न (हापूस_वाशी): मी वाशीतील एका फळनिर्यात पेढीत कागदपत्रांचे काम पाहतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या, म्हणजे आयपीपीसीच्या नोंदींमध्ये देशांची ‘रिझर्वेशन्स’ आणि ‘डिक्लरेशन्स’ वेगळी ठेवलेली असतात, असे वाचनात आले. सामील होतानाच ‘अमुक कलम आम्हांला लागू नाही’ असे, म्हणजे रिझर्वेशन, एखाद्या देशाने कळवले असेल, तर त्याच्या फायटोवर (मालासोबतच्या वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर) आयातदाराने कितपत विसंबावे? आणि २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली, तिला अशा एखाद्या नोंदीचा आधार होता का?

उत्तर (करार_अभ्यासक): दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९९७ मध्ये सुधारलेला आणि २ ऑक्टोबर २००५ पासून अमलात असलेला मसुदा पाहिला, तर त्याचे कलम ७ प्रत्येक सदस्याला आयातीवर नियम घालण्याचा, खेप अडवण्याचा, परत पाठवण्याचा किंवा नष्ट करण्याचा सार्वभौम अधिकार देते. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी व इतर किडी सापडल्या, म्हणून संघाने आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही थांबवले. त्यासाठी कुठलीही नोंद करण्याची गरजच नव्हती.

करारात रिझर्वेशनविषयी स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे सर्वसाधारण नियम लागू पडतो: कराराच्या हेतूशी विसंगत नसलेली मर्यादा घालता येते. हा नियम आंतरराष्ट्रीय करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना करारात शब्दबद्ध आहे. भारत त्या कराराचा सदस्य नसला, तरी तो नियम बव्हंशी रूढीने पाळला जातो. मात्र इथे मर्यादा घालावी असे फारसे काही उरतच नाही. अनेक करारांत देशांना खटकते ते वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचे बंधन, आणि इथे कलम १३ नुसार तज्ज्ञ समितीच्या शिफारशी बंधनकारकच नसतात. कलम ५ मधील प्रमाणपत्राची जबाबदारीच जर कोणी नाकारली, तर ते कराराच्या हेतूच्या विरुद्ध जाईल, आणि व्यवहारात त्याचा कागद कोणी स्वीकारणारही नाही.

उत्तर (क्वारंटाइन_निवृत्त): वरील विवेचनाशी सहमत आहे, परंतु ‘डिक्लरेशन’ (देशाने केलेली घोषणा) हा भाग दुर्लक्षित करू नये, कारण कामाची माहिती बहुधा तिथेच असते. कलम १५ नुसार, ज्या प्रदेशांचे परराष्ट्र व्यवहार एखादा देश सांभाळतो, त्यांपैकी कोणत्या प्रदेशांना करार लागू करायचा, हे तो देश एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, महासंचालकांना कधीही कळवू शकतो, आणि पत्र पोहोचल्यापासून तिसाव्या दिवशी ते अमलात येते. ते पुढे बदलताही येते. म्हणून माल एखाद्या सागरपार प्रदेशातून येत असेल, तर केवळ मूळ देशाचे नाव यादीत पाहून थांबू नये.

डिक्लरेशनचा दुसरा प्रकार युरोपीय संघाचा. संघ २००५ मध्ये स्वतंत्रपणे सामील झाला. अशा संघटनेला कोणते विषय आपल्याकडे आणि कोणते सदस्य देशांकडे आहेत, हे घोषित करावे लागते. एका विषयावर दोघांना मिळून दुहेरी मतदान करता येत नाही, त्यामुळे कोण बोलणार हे आधीच ठरलेले बरे.

हापूस_वाशी: म्हणजे बंदी आल्यास आपल्या हाती काय राहते?

उत्तर (करार_अभ्यासक): त्याच कलम ७ मध्ये बंधनेही आहेत. निर्बंधाला तांत्रिक आधार असला पाहिजे, तो ताबडतोब प्रसिद्ध केला पाहिजे, मागितल्यास त्याची कारणे दिली पाहिजेत आणि परिस्थिती बदलल्यावर तो सुधारला किंवा मागे घेतला पाहिजे. आपल्या तपासणीच्या व्यवस्थेत सुधारणा झाल्यावर आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. बंधनकारक निवाडा हवा असेल, तर जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार (व्यापारातील अन्नसुरक्षा, प्राणी व वनस्पती आरोग्याच्या उपायांविषयीचा) आहे. तो वनस्पती आरोग्याच्या मानकांसाठी आयपीपीसीकडेच बोट दाखवतो. कारणे मागण्याचा अधिकार मात्र सदस्य देशाला आहे, पेढीला नाही. तुमची तक्रार फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडे, खेपेचा फायटो क्रमांक आणि नकाराच्या सूचनेची प्रत जोडून पाठवावी.