रॉजर्सचे जुने स्पीकर स्टँडसह कसे विकावेत?

प्रश्न: वडिलांनी लंडनहून आणलेली रॉजर्स एलएस३/५ए स्पीकरांची जोडी लोखंडी स्टँडसह पुण्यात विकायची आहे. मागच्या पट्टीवर १५ ओहम (विद्युत रोधाचे एकक) लिहिले आहे, मात्र एका पेटीच्या व्हिनिअरचा (वरच्या पातळ लाकडी थराचा) कोपरा उडाला आहे. विक्रीआधी पॉलिश करून घ्यावे का?

उत्तर १: पॉलिश मुळीच करू नका. बीबीसीच्या या रचनेत १५ ओहमची आवृत्ती आधीची, तर ११ ओहमची १९८७ च्या सुमारास आली. त्यामुळे जाणकार ग्राहक आधी ती पट्टी आणि दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक पाहतो. त्यांची स्पष्ट छायाचित्रे द्या आणि उडालेला कोपराही दाखवा.

उत्तर २: यातील केफ कंपनीच्या बी११० वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाची) कड फोमची नसल्याने ती सहसा कुजत नाही, परंतु दोन्ही टी२७ ट्वीटर (वरचे सूर वाजवणारे भाग) वाजतात का, हे आवाज कमी ठेवून, एकेका पेटीला कान लावून तपासा. स्टँड मात्र जोडीसोबतच द्या, कारण एवढ्या लहान पेट्या जमिनीवर ठेवून कोणी ऐकत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अनुक्रमांक लागोपाठचे निघाले, म्हणजे जोडी मूळचीच दिसते. ग्राहकाला घरीच बोलावून, वडिलांच्याच अँप्लिफायरवर ऐकवीन.