शाळेत येऊन मोटर खोलून दाखवली की मुली इंजिनिअर होतात का?

तासगावकर: ११ फेब्रुवारी म्हणजे विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस. त्या निमित्तानं इंजिनिअरिंगच्या काही मुली आमच्या हायस्कूलवर आल्या होत्या. भाषण थोडक्यात आटोपलं. मग मिक्सरची बंद पडलेली मोटर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कार्बन घासलेत की वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तुटलंय, शोधा." पोरांनी लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला, पोरी वह्या काढून बसल्या. प्रयोगशाळेत एरवीही हेच चालतं: "तुझं अक्षर चांगलंय, तू निरीक्षणं लिही." त्या ताईंनी वह्या मिटायला लावल्या. मग नववीतली एक मुलगी मल्टिमीटर (तार सलग असली की बीप वाजवणारं तपासणीचं यंत्र) लावून म्हणाली, "इथं बीपच वाजत नाही, तार आतनं तुटलीय." बरोबर होतं. असं प्रत्येक शाळेत व्हायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

जतचा पाव्हणा: फोटो झकास येतात, बाकी काय? आमच्या वाडीवरनं सायन्सला जायचं तर तालुक्याला. प्रॅक्टिकल सुटेस्तोवर शेवटची एसटी गेलेली. पोरगी अंधारात फाट्यावर उभी राहणार म्हटल्यावर बाप तिला आर्ट्सला घालतो, नाहीतर स्थळ बघतो. तिथं मल्टिमीटर काय करणार?

मिरजेची मास्तरीण: एसटीचं खरंय. पण फीचं रडगाणं आता नको. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएसमधल्या (आर्थिक दुर्बल) ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना इंजिनिअरिंगला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश मिळाला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत त्या वेगळ्या. पालकसभेत विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. हे सांगायला तरी गावात जावं लागेल की नाही?

जतचा पाव्हणा: खोलीभाडं माफ आहे का? मेस? सीईटीचा क्लास?

मिरजेची मास्तरीण: नाही. तिथं तुमचं बरोबर.

विटेकर: सगळं मुलींनाच. आमच्याकडची पोरं दहावी झाली की गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, परमुलखात जातात, त्यांना कोण मोटर दाखवतंय?

तासगावकर: पोरं वर्गातच होती, कुणी हाकललं नाही. उलट, मोटर आधी त्यांच्याच हातात गेली. मुद्दा तोच तर आहे! १९१० पासून किर्लोस्करवाडीला किर्लोस्करांचा कारखाना असलेला आपला सांगली जिल्हा, विहिरीविहिरीवर पंप. रात्री लाइट आली की मोटर चालू करायला पोरीला पाठवतात, आणि फ्यूज गेला की भावाला हाक. ही सवय एसटी वाढवून मोडत नाही.

जतचा पाव्हणा: बरं, आणा आमच्याकडं. पण दुपारी शाळेत नको, माणसं रानात असतात. रात्री आठला देवळापुढं घ्या आणि पोरींच्या चुलत्यांना, आज्यांना पुढं बसवा, कुणी काय शिकायचं ते तीच मंडळी ठरवतात. फक्त त्या ताईंच्या परतीच्या गाडीचं तुम्ही बघा. आठनंतर आमच्याकडनं एसटी नाही.