डोक्याला मार लागलेला खेळाडू मैदानात परत कधी? शालेय आणि क्लब पातळीवर 21 दिवसांची सक्ती असावी का?

मध्यरेषा (धागाकर्ता)
गहुंजे येथे 31 जानेवारी 2025 रोजी झालेल्या भारत-इंग्लंड ट्वेंटी-20 सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर अखेरच्या षटकात चेंडू आदळला. दुसऱ्या डावात, डोक्याला मार लागल्यास बदली खेळाडू देता येतो या नियमानुसार, त्याच्या जागी हर्षित राणा उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. पुढे कितीतरी दिवस वाद झाला तो एवढाच, की अष्टपैलू फलंदाजाच्या जागी पूर्ण वेळ वेगवान गोलंदाज देणे न्याय्य होते का. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूची काळजी कशी घ्यावी, हा मूळ प्रश्न त्या गदारोळात मागे पडला आणि तोच मला आपल्या शाळा-क्लबांसाठी पुढे आणायचा आहे.

आयसीसीने 2025 च्या मध्यापासून कन्कशनचे (डोक्याला बसलेल्या हादऱ्याने मेंदूच्या कामकाजात येणाऱ्या बिघाडाचे) निदान झालेल्या खेळाडूला किमान 7 दिवस बाहेर ठेवण्याची अट घातली. ब्रिटनने 2023 मध्ये तळागाळातील खेळांसाठी काढलेल्या सूचना याहून कडक आहेत: 21 दिवसांच्या आत स्पर्धेत उतरायचे नाही आणि डोक्याला धक्का बसू शकेल असा सरावसुद्धा विश्रांतीच्या स्थितीत सलग 14 दिवस कोणताही त्रास नसल्याशिवाय करायचा नाही. आंतरराष्ट्रीय खेळाडूला कमी दिवस आणि शाळकरी मुलाला जास्त, हे उलटे वाटेल. परंतु त्यामागचे कारण अगदी साधे आहे. राष्ट्रीय संघातील खेळाडूला रोज तपासणारा डॉक्टर सोबत असतो, तर तालुक्याच्या मैदानावर बर्फाची पिशवी आणि वेदनाशामक फवारा एवढेच असते. जिथे डॉक्टर नाही, तिथे दिवसांचा नियम कडक हवा आणि तो मोडण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नसावा, असे माझे ठाम मत आहे.

कोपरारक्षक
मी अनेक वर्षे शालेय मुलांना कबड्डी शिकवतो आणि या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. आमच्या खेळात गुडघा कपाळावर बसणे, पकडीत दोघांची डोकी एकमेकांवर आपटणे हे नेहमीचे आहे. जिल्हा, विभाग आणि राज्य या स्तरांवरील शालेय स्पर्धा एकापाठोपाठ एक येतात. त्यात 21 दिवस बाहेर म्हणजे त्या मुलाचा त्या वर्षीचा खेळ संपला. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आणि पुढे शासकीय नोकरीतील 5 टक्के खेळाडू आरक्षण या गोष्टी स्पर्धेतील कामगिरीवर अवलंबून असतात. ज्या घरात खेळ हाच वर येण्याचा मार्ग आहे, तिथला मुलगा एवढा कडक नियम ऐकल्यावर डोके दुखते हे सांगेल का? आज निदान तो मला येऊन सांगतो, उद्या तेही सांगणार नाही. जो नियम मुलांना गप्प करतो, तो त्यांचे रक्षण कसे करणार?

फिजिओ_नाशिक
कोपरारक्षक, मुले लपवतील ही तुमची भीती खरी आहे. पण ती आजही लपवतात, कारण नेमके काय सांगायचे हेच त्यांना कोणी शिकवलेले नसते. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपत नाही. एका सामन्यात मी बाजूला उभा होतो. घोटा पकडायला वाकलेल्या मुलाच्या कानशिलावर चढाईपटूचा गुडघा बसला. तो लगेच उठला, हात झटकले, पंचांना ‘ठीक आहे’ म्हणाला. पुढच्या चढाईनंतर तो शांतपणे प्रतिस्पर्धी संघाच्या अंगणात जाऊन उभा राहिला. प्रेक्षक हसले. ‘आता कोणता डाव चालू आहे, शेवटचा गुण कोणी घेतला, मागचा सामना कोणाशी झाला’, हे तीन प्रश्न मी विचारले आणि त्याला एकाचेही उत्तर देता आले नाही.

असे प्रश्न कोणताही शिक्षक विचारू शकतो. मात्र उत्तरे बरोबर आली म्हणजे धोका टळला, असेही समजू नये. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवरील कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ 80 धावांवर तंबूत परतला, तपासण्या पार करून पुन्हा फलंदाजीला आला आणि 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला त्रास जाणवू लागला, तो सामन्यातून बाहेर पडला आणि पुढच्या कसोटीलाही मुकला. जगातली उत्तम वैद्यकीय व्यवस्था हाताशी असताना हे घडले.

आणखी एक गैरसमज पालकांमध्ये फार आढळतो, तो म्हणजे सीटी स्कॅन नॉर्मल आला की मुलगा खेळायला मोकळा. त्या स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचे अस्थिभंग दिसतात, मेंदूच्या कामकाजात आलेला बिघाड दिसत नाही. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, आकडी, दुहेरी दिसणे, मानेत तीव्र वेदना किंवा हातापायांत अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

लेगस्टंप
मला या विषयाची काळजी आहे, तरी 21 हा आकडा मला पटत नाही. खेळातील कन्कशनवर 2022 मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झालेल्या परिषदेनंतर तज्ज्ञांचे जे आंतरराष्ट्रीय एकमत-निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात सर्वांसाठी एकच ठरावीक मुदत सांगितलेली नाही. पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे फक्त रोजची हलकी कामे), मग चालणे किंवा जागेवरची सायकल, मग धावणे आणि खेळाशी निगडित सराव, त्रास पूर्ण थांबल्यावर अंगाला अंग न लागणारा कठीण सराव, त्यानंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना, अशा पायऱ्या दिल्या असून प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यायचे आहेत. कोणी दहा दिवसांत बरा होतो, कोणाला दोन महिने लागतात. सरसकट 21 दिवस लावले की पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्याला 22 व्या दिवशी आपोआप परवानगी मिळते. दुसरी बाब धागाकर्त्याने झटकून टाकलेली आहे. बदली खेळाडूच्या नियमाचा गैरवापर झाला, असा संशय जरी आला, तरी खऱ्या इजेकडेही लोक संशयाने पाहू लागतात. त्यामुळेच आता प्रत्येक भूमिकेसाठीचे कन्कशन बदली खेळाडू सामन्याआधी जाहीर करावे लागतात. न्याय्यतेचा प्रश्न गौण नाही.

आणि हेल्मेट आल्यापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हेही नमूद करावे लागेल. 1962 मध्ये बार्बाडोस येथे वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथ यांच्या चेंडूने भारताचे तेव्हाचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी फुटली आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. तसे प्रसंग आज विरळा आहेत.

मध्यरेषा
लेगस्टंप, पायऱ्यांविषयी तुम्ही लिहिलेले सर्व मला मान्य आहे आणि बदली खेळाडूची बाब मी घाईने बाजूला सारली, हा आक्षेपही योग्य आहे. परंतु त्या पायऱ्यांवर देखरेख कोण करणार? त्रास 0 ते 10 या मापात दोन अंकांहून अधिक वाढला तर व्यायाम थांबवायचा, हे त्या निवेदनातले मोजमाप प्रशिक्षित माणूस जवळ असेल तर उपयोगाचे आहे. तो नसेल तिथे ‘बरे वाटते आहे’ एवढ्यावरच निर्णय होतो. 21 दिवस ही किमान मर्यादा आहे; 22 व्या दिवशी त्रास असेल तर परवानगी मिळू नये, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवे होते. हेल्मेटबद्दल म्हणाल, तर ते कवटी वाचवते; आत मेंदूला बसणारा हादरा ते थांबवू शकत नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्स्की याने हेल्मेटच्या जमान्यातच वारंवार झालेल्या कन्कशनमुळे ऐन सत्ताविशीत, 2025 मध्ये, क्रिकेट सोडले.

ठाण्याची_आई
माझी मुलगी फुटबॉल खेळते. तिला मार लागल्यानंतर सामन्याचा विचार सर्वांनी केला, शाळेचा कोणीच केला नाही. फळ्याकडे पाहून वहीत उतरवताना तिचे डोके दुखू लागे आणि वर्गातला गोंगाट तिला सहन होत नसे. शिक्षकांना तो आळस वाटला. खेळाआधी अभ्यासाला पूर्ववत परतणे व्हावे, आधी अर्धा दिवस शाळा आणि अधूनमधून विश्रांती, हे नियमात लिहिलेले असावे, अशी माझी विनंती आहे. मुदतीबाबत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

कोपरारक्षक
मार लागला त्याच दिवशी पुन्हा न खेळवणे मला मान्य आहे आणि त्यात मी अपवाद मागत नाही. कबड्डीत राखीव खेळाडू उतरवता येतो, त्यामुळे संघ अडतो ही सबब आम्हाला नाहीच. फिजिओंनी दिलेली प्रश्नांची यादी मी पुढच्या सरावापासून वापरणार आहे. 21 दिवसांना माझा विरोध मात्र कायम आहे. जिल्हा संघात निवड झालेल्या मुलाला मार लागला, तर त्याचे नाव संघात कायम राहील आणि तो न खेळलेला स्तर त्याच्या क्रीडा गुणांसाठी धरला जाईल, असे आधी लेखी ठरवा. तेवढे झाले तर मी माझ्या मुलांना 21 दिवस स्वतः घरी बसवीन. ते होत नाही तोवर या नियमाची सगळी किंमत एकटा तो मुलगा मोजणार आहे आणि अशा कागदावर मी सही करणार नाही.