सावळ्या चेहऱ्यावर दात जास्त पांढरे का दिसतात?
"सावळ्या माणसांचे दात मुळातच पांढरे असतात" असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. एकाच ए२ छटेचा (दातांच्या रंगतक्त्यातली एक छटा) दात गडद त्वचेशेजारी उजळ वाटतो, गोऱ्या त्वचेशेजारी पिवळसर. त्यामुळे कॅप (दातावर बसवायचं कृत्रिम आवरण) बसवणार असाल तर छटा चेहऱ्याच्या रंगावरून नको, शेजारच्या दाताशी जुळवून घ्या. तीही दात तासायच्या आधीच! तोंड उघडं राहून दात सुकला की तात्पुरता पांढरा दिसतो आणि कॅप शेजारच्या दातापेक्षा पांढरी पडते. लिपस्टिक पुसा, भडक ओढणी झाका, खिडकीच्या उजेडात ५-७ सेकंदच पाहा. मधे करड्या कागदाकडे बघून डोळ्यांना विसावा द्या. ब्लीचिंग (औषधाने दात पांढरे करणं) करायचं तर कॅपच्या आधी, आणि नंतर किमान २ आठवडे थांबून छटा घ्या. कॅप ब्लीच होत नाही.