मदत हवी आहे: रेडिओअ‍ॅस्ट्रॉन या अंतराळातल्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात एनजीसी ४२५८ या आकाशगंगेतल्या वॉटर मेसरची (पाण्याच्या रेणूंपासून येणारा तीव्र रेडिओ सिग्नल) फ्रिंज (दोन दुर्बिणींच्या सिग्नलमधला मेळ) सापडत नाही

बेसलाइन (दोन दुर्बिणींमधलं अंतर) रेडिओअ‍ॅस्ट्रॉन ते ग्रीन बँक (जमिनीवरची १०० मीटरची दुर्बीण), पृथ्वीच्या साधारण ९ व्यासांइतकी. ग्रीन बँकच्या ऑटोकोरिलेशनमध्ये (एकट्या दुर्बिणीच्या सिग्नलमध्ये) ४७० किमी/से वेगाच्या आसपास मेसर स्वच्छ दिसतो, क्रॉसमध्ये (दोन्ही दुर्बिणींचे सिग्नल जुळवल्यावर) नुसता नॉइज. १६ मेगाहर्ट्झला २०४८ चॅनल, इंटिग्रेशन १ सेकंद, फ्रिंज-फिट १०० सेकंदांचा. डिले (दोन्ही सिग्नलमधला वेळेचा फरक) दर वेळी वेगळाच येतो. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
घात त्या १ सेकंदाने केलाय. यानाच्या वेगात २ सेंमी/सेची चूक धरा. तरंगलांबी १.३५ सेंमी, म्हणजे फेज सेकंदाला दीड फेरी फिरतो आणि सरासरीत सिग्नलचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला २१ सेंमीवर हीच चूक पचते, इथे नाही. नंतर कितीही फिटिंग केलं तरी गेलेला सिग्नल परत येत नाही, पुन्हा कोरिलेटच करून घ्या. ०.१२५ सेकंद ठेवलंत तर ±४ हर्ट्झ, म्हणजे ±५ सेंमी/सेपर्यंत शोधता येईल.

आणि डिले मेसरवर शोधूच नका. मेसरची १ किमी/से रुंदीची वर्णपट-रेषा म्हणजे ७४ किलोहर्ट्झ. तिच्यावरून डिले १३ मायक्रोसेकंदांपेक्षा नेमका कसा मिळणार? कक्षेतली ५०० मीटरची चूक तर १.७ मायक्रोसेकंदच होते. त्याच प्रयोगातल्या क्वेसारवरून (सगळ्या बँडभर दिसणारा दूरचा तेजस्वी स्रोत) डिले बसवा, रेट (फेज फिरण्याचा वेग) मात्र मेसरवरच शोधा.

धागाकर्ता
क्वेसारची फ्रिंजही अंधूकच आहे, सिग्नल-टू-नॉइज ६. चालेल का?

प्रतिसाद १
त्याचाही सिग्नल त्याच १ सेकंदात गेला असणार. नव्या कोरिलेशनमध्ये आधी तोच तपासा. तिथेही काही दिसलं नाही तर यानाचा घड्याळ-ऑफसेट किंवा साइडबँड (फ्रिक्वेन्सींचा क्रम) उलटा लागलाय का ते बघा. मेसरकडे नंतर वळा.

प्रतिसाद २
थोडं गणितही करा. यानाची थाळी १० मीटरची, एसईएफडी (दुर्बिणीचा स्वतःचा नॉइज, कमी तितका चांगला) सुमारे ४०,००० जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). ग्रीन बँकची सुमारे २०. त्यात यानाचं सॅम्पलिंग १ बिटचं. ७.८ किलोहर्ट्झच्या एका चॅनलला १०० सेकंदांत नॉइज १.२ जान्स्कीच्या आसपास येतो, आणि रेषाच मुळात काही जान्स्कींची. डिले लावून झाल्यावर दहा चॅनल एकत्र करा, नॉइज ०.४ वर येईल. त्यापुढे जाऊ नका, रेषेबाहेरचा नॉइजच वाढतो. हवा कोरडी असेल तर ३०० सेकंद करून बघा, पण दर १०० सेकंदांचा रेट आधी जुळतोय का ते पाहून.

मेसर रिझॉल्व्ह झाला असेल (इतक्या लांब बेसलाइनला तो पसरट ठरून फ्रिंज नाहीशी झाली असेल) ही शंका सध्या बाजूला ठेवा. याच आकाशगंगेची फ्रिंज २६.७ व्यासांवर, म्हणजे सुमारे ३ लाख ४० हजार किमीवरही मिळालेली आहे.