मदत हवी आहे: डॉक्सिसायक्लिनने पेशी खरंच मंदावतात, की आपलीच गफलत?

नमस्कार मंडळी. महापेच्या लॅबमध्ये न्यूट्रोफिलच्या (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हालचालीवर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा परिणाम तपासतोय. रोझेशियात (चेहरा लाल होण्याचा त्वचारोग) हे औषध रोज 40 मिग्रॅ देतात; तिथे जंतू मारणं हा हेतूच नसतो, त्वचेची सूज उतरवायची असते.

सेटअप: बॉयडन चेंबर (मध्ये सच्छिद्र पडदा असलेले वरखाली दोन कप्पे), 3 मायक्रॉनची छिद्रं, वर मिलीला 10 लाख पेशी, खाली 10 नॅनोमोलर एफएमएलपी (पेशींना ओढून घेणारं पेप्टाइड), 37 अंशांवर 60 मिनिटं. औषध 30 मिनिटं आधी, मिलीला 1, 3 आणि 10 मायक्रोग्रॅम. (10 जरा जास्तच, मान्य. तोंडावाटे 200 मिग्रॅ घेऊनही रक्तात 3च्या आसपासच पोचतं.)

10 वर निम्म्याहून कमी पेशी खाली उतरतात. 3 वर मात्र आज फरक, उद्या नाही. ट्रिपॅन ब्लूत (फक्त मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) 95 टक्के जिवंत, म्हणजे पेशी मरत नाहीयेत.

पहिला संशय कॅल्शियमवर, कारण टेट्रासायक्लिन गटातली औषधं (डॉक्सिसायक्लिन त्यातलंच) ते धरून ठेवतात. पण बफरमध्ये कॅल्शियम 1.3 मिलिमोलर आणि 10 मायक्रोग्रॅम औषध म्हणजे जेमतेम 0.02. हिशेब बसत नाही. दुसरा संशय ज्यातून पेशी काढतो त्या रक्तावर: हेपरिनच्या नळीत, बर्फाशिवाय ठाण्याहून येतं, ऐरोलीला अडकलं की 2 तासांचे 4 होतात. औषधाचं द्रावण उजेड लागू नये म्हणून फॉइलमध्ये गुंडाळतो, रोज ताजं करतो.

एफएमएलपी वर आणि खाली वेगवेगळ्या प्रमाणांत घालून तुलना करायची, म्हणजे चेकरबोर्ड, कुणी केलंय का? एफएमएलपीकडची ओढ कमी झाली की नुसती दिशाहीन भटकंती कमी झाली, हे कसं वेगळं काढता? आणि जास्तीचं कॅल्शियम घालून पाहायचं तर किती, म्हणजे फॉस्फेट बफर गढूळ होणार नाही?