अनुभव धागा: दडी मारायला एक विनोदी कादंबरी

मार्चअखेरचं काम उरकलं की मी इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊसची ‘समर लाइटनिंग’ काढते. कादंबरी १९२९ सालची. ब्लँडिंग्जच्या गढीतल्या लॉर्ड एम्सवर्थची लाडकी डुकरीण चोरीला जाते आणि सगळी गढी हवालदिल होते. चोर घरचाच, सख्खा भाचा. त्याचे पैसे मामाच्या ताब्यात आहेत आणि त्याला लग्न करायचंय. म्हणून डुकरीण लपवायची, मग आपणच ‘शोधून’ आणायची आणि मामाला खूश करायचं, असा त्याचा बेत. त्या जगात याहून मोठं संकट येत नाही, आणि मला तेवढंच हवं असतं. अशा पुस्तकांना लोक ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारतात, ते मला अजिबात पटत नाही. इतक्या गुंत्यांची टोकं शेवटी अचूक जुळवणं हे मोठ्या कारागिराचं काम आहे.

तुमची अशी कादंबरी कोणती? कुठे, कधी वाचलीत? नेमका प्रसंग सांगा.

बदलापूर

मीही ब्लँडिंग्जवालीच. लेडीज डब्यात मोबाइलवर ‘लीव्ह इट टू स्मिथ’ वाचत होते. त्यात बॅक्स्टर नावाचा अतिशिस्तीचा सेक्रेटरी रात्री लिंबू रंगाच्या पायजम्यात बाहेर अडकतो आणि झोपलेल्या लॉर्डच्या खोलीत खिडकीतून कुंड्या फेकतो. मला हसू आवरेना. समोरच्या ताई म्हणाल्या, “एकटीच काय हसतेस, आम्हालाही सांग की!” सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “पुढे काय झालं त्या कुंडीवाल्याचं?” आता कल्याण ते घाटकोपर मी रोज थोडं थोडं मराठीतून सांगते. चौथ्या सीटवर टेकलेली, उभ्याने मटार सोलणारी, सगळ्या ऐकतात. घरचं, ऑफिसचं रडगाणं त्या वेळात कुणी काढत नाही.

मिरज

बाबांच्या बायपासनंतरचे दिवस. वॉर्डात वेळ जाता जात नव्हता आणि बाबा तर बोलायचेच बंद झाले होते. मी जेरोम के. जेरोमची ‘थ्री मेन इन अ बोट’ नेली आणि वाचता वाचता जमेल तसं मराठीत सांगू लागलो. पहिल्याच प्रकरणात निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये रोगांचं पुस्तक उघडतो आणि त्याला वाटतं, यातला प्रत्येक रोग आपल्याला आहे! अपवाद फक्त मोलकरणींना होणाऱ्या गुडघेदुखीचा, आणि तेवढं दुखणं आपल्याला का नाही म्हणून तो चक्क खट्टू होतो. तिथे बाबा हसले.

टाके ताणू नयेत म्हणून खोकताना छातीशी उशी आवळून धरायला सांगितलं होतं. बाबा हसण्यासाठीही तीच उशी धरायचे. मी पुस्तक उघडलं की आधी उशी जवळ ओढायचे, मग म्हणायचे, “हं, चालू दे.” अननसाच्या डब्याच्या प्रसंगाला (डबा फोडायचं हत्यारच आणलेलं नाही, म्हणून तिघे त्याला होडीच्या डोलकाठीने बडवतात) पलीकडच्या खाटेवरचे काकाही कुशीवर वळून ऐकत होते. सिस्टरनी येऊन आवाज कमी करायला सांगितला, पण डब्याचं काय होतं ते कळेपर्यंत त्याही थांबल्या. पुस्तक १८८९ चं आहे हे सांगितल्यावर बाबांना खरंच वाटेना.

लातूर

कादंबरीच हवी का? माझी दडी म्हणजे चि. वि. जोशींचे चिमणराव. चि. वि. बडोद्याला पाली शिकवायचे, बौद्ध वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. त्याच हाताने गुंड्याभाऊ लिहिला याचं मला फार अप्रूप आहे. वाचताना आवाज मात्र टीव्ही मालिकेतल्या प्रभावळकर आणि बाळ कर्व्यांचेच ऐकू येतात.

नाशिक

माझा अनुभव वेगळा. आई गेल्यावर मैत्रिणीने प्रेमाने वुडहाऊस आणून दिला. मला एक पान वाचवेना, उलट राग आला. पुढे बऱ्याच महिन्यांनी, आईच्या साड्या आवरून झाल्यावर तेच पुस्तक हाती लागलं आणि सलग वाचलं. दुःख ताजं असताना कुणाला हसवायची घाई करू नये, पुस्तक नुसतं जवळ ठेवून यावं असं मला वाटतं.

*(धागाकर्ती: अगदी खरं. हे लिहिलंत, बरं झालं.)*

व्रोत्सवाफ, पोलंड

इथे नोकरीला आल्यावर पहिला हिवाळा अंगावर आला. दुपारी चारलाच अंधार. तेव्हा वुडहाऊसचा आधार झाला आणि त्याच्या आयुष्याबद्दलही वाचलं. १९४० मध्ये तो फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती लागला आणि टोस्टच्या छावणीत स्थानबद्ध झाला. ते गाव आता पोलंडमध्ये आहे, माझ्यापासून फार लांब नाही. वेड्यांच्या इस्पितळाची इमारत, अपुरं अन्न, भोवती बाकीच्या कैद्यांचा गलका. तिथे त्याने ‘मनी इन द बँक’ ही निखळ हसरी कादंबरी लिहिली. सुटकेनंतर बर्लिनहून केलेल्या रेडिओ भाषणांबद्दल इंग्लंडमध्ये त्याच्यावर झोड उठली, तो भाग निराळा. पण आपण ज्या जगात दडी मारतो, तिथे लेखक स्वतःही आसरा घेत असणार, असं मला मनापासून वाटतं. १९७५ मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला तेव्हाही इस्पितळात त्याच्याजवळ ब्लँडिंग्जच्याच नव्या, अपुऱ्या कादंबरीचे कागद होते.

कोल्हापूर

मी यातलं काहीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

*(धागाकर्ती: वुडहाऊसच्या ‘राइट हो, जीव्ज’पासून, १९३४. त्यात गसी नावाचा अतिशय लाजाळू माणूस शाळेच्या बक्षीस समारंभात भाषण करतो. शाळेचे बक्षीस समारंभ आपण सगळ्यांनीच सोसलेत, त्यामुळे काही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त तो प्रसंग सुटा वाचू नका. आधीची प्रकरणं वाचून मगच तिथे पोचा. गसीच्या संत्र्याच्या रसात काय मिसळलंय हे तोवर आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला नसतं.)*